पंखातली भाकर

"काय शे रे भो हाई?"

"इमान शे, बाबा."

"उडस का?"

"उडस ना."

"मंग गाडीवर काब्र बसाडं?"

अमळनेरहून धुळ्याला निघालो की रस्त्यात कुठेतरी हे होणारच. फाटकावर थांबा, टपरीवर थांबा, प्रश्न ठरलेला. उडतं, तर मग ट्रकवर कशाला? त्या दिवशी तर एका म्हाताऱ्यानं सायकलच आडवी घातली होती. आमचा बापू ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "त्यानी तिकीट काढेल शे, बाबा. जाऊ द्या त्याले." म्हाताऱ्यानं सायकल काढली, पण चेहऱ्यावरून समाधान झालेलं दिसलं नाही.

खरं उत्तर मी इथं देतो, म्हणजे यापुढे कोणी सायकल आडवी घालणार नाही. घरी बांधलेलं छोटं विमान म्हणजे लाकडाच्या फासळ्या, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, आणि नाकावर फटफटीच्या थोरल्या भावासारखं एक इंजिन. आमचं विमान राहतं धुळ्याला, कारण धावपट्टी तिथं. पण त्याचा दवाखाना अमळनेरला, शेठच्या बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीत. इंजिन खोलायचं, कापड बघायचं म्हटलं की पंख उतरवायचे आणि सगळं ट्रकवर घालून आणायचं. आजारी माणसाला आपण पळत दवाखान्यात जा म्हणतो का? तसंच.

मी पायलट नाही. मी मिस्तरी. सातवीत शाळा सुटली आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं खोलण्यात हात काळे झाले ते आजपर्यंत निघाले नाहीत. पुढे शेठच्या गिरणीत घाण्याच्या यंत्रांवर लागलो. शेठ म्हणजे तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं, सरकी आणि शेंगदाण्याचं तेल. गिरणी बंद झाली तेव्हा लोकांनी जागा विकायला सांगितली. शेठनी परदेशातून खोकी मागवली. मला बोलावलं आणि म्हणाले, "मिस्तरी, ह्या खोक्यांत एक विमान आहे. फक्त ते सुटं आहे."

मी म्हटलं, "शेठ, डोकं सुटलंय का?"

पण बांधलं. दोघांनी मिळून बांधलं. परवानगीचे कागद, नकाशे, इंग्रजी पुस्तकं हे शेठचं खातं. हात घालणं हे माझं. शेठ उडवायला रीतसर शिकून आले. मला कैक वेळा म्हणाले, "चला मिस्तरी, एक चक्कर मारू." मी गेलो नाही. गच्चीवर गेलो तरी मी कठडा धरतो. मी त्यांना सांगितलं, "वरून काही पडलं तर शोधायला खाली कोणीतरी पाहिजे."

या धंद्याची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर पटत नाही. विमानात नट आवळून चालत नाही. आवळल्यावर त्याच्या भोकातून बारीक तार ओवायची, पीळ द्यायचा आणि शेजारच्या नटाला अशी बांधायची की एक ढिला व्हायला लागला तर दुसरा त्याला ओढून धरील. जमिनीवर नट पडला तर खणखण वाजतो, आपण थांबतो, उचलतो. वर कुठं थांबता? म्हणून तार. मला त्या तारेचं असं वेड लागलं की घरातलं काही सुटं दिसेना. दुधाच्या कपाटाला तार, मोरीच्या नळाला तार, देवघराच्या दाराला तार. आमची मंडळी एक दिवस पकड घेऊन समोर उभी राहिली.

"देवले बी बांधी ठेवं तुम्ही. तो काय उडी जाणार शे का?"

तिचं नाव द्वारका. आमच्या वेळी बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. मी "अगं" म्हणायचो, ती "ऐकलं का" म्हणायची. आता नाव लिहितोय, ती ऐकायला नाही म्हणून हिंमत होतेय. गेल्या पौषात गेली.

ती असती तर हे लिहिणं आधी तिनं ऐकलं असतं आणि अर्धं खोडायला लावलं असतं. ते असो. तिला विमानाच्या धंद्यात मी आणलं असं लोक समजतात. तसं नाही. तिला कापडानं आणलं.

पंखाला कापड घालतात तेव्हा आधी ते फासळ्यांवर चिकटवतात. मग त्याला इस्त्री करतात. हसू नका, घरातली इस्त्री. गरम इस्त्री फिरली की ते कापड आक्रसतं आणि डफासारखं ताणून बसतं. पण एवढ्यानं भागत नाही. हवेत पंखावरचं कापड वर ओढलं जातं, ते फासळीपासून सुटू नये म्हणून प्रत्येक फासळीला ते दोऱ्यानं शिवायचं. वीतभराहून लांब सुई, पंखाच्या आरपार. पंख उभा करायचा, एका बाजूला एक माणूस बसायचा, दुसऱ्या बाजूला दुसरा. इकडून सुई घातली की तिकडच्यानं ओढायची, फासळीला वळसा घालून परत इकडे पाठवायची. दर टाक्याला गाठ. शेठनी आणि मी पहिल्या दिवशी शिवलेली ओळ बघून शेठच म्हणाले, "हे उसवा. ह्यात बसायला मला भीती वाटेल."

द्वारका तेव्हा माझा डबा घेऊन आली होती. तिच्या गोधड्या साऱ्या गल्लीत नावाजलेल्या. तिनं डबा ठेवला, टाके पाहिले आणि विचारलं, "हाई कोन आंधया माणूसनं शिवं?" शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी शेठकडे.

तेव्हापासून पंखाच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला मी. मधे कापड. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, फक्त सुईचं टोक यायचं आणि आवाज यायचा. आमची सगळी भांडणं त्या पंखातून झाली. सुनेचं, जावयाचं, माझ्या तंबाखूचं. घरात भांडलो की ती उठून जायची. इथं उठता यायचं नाही, सुई कोणाकडे तरी अर्धी असायची. माझं काही चुकलं की सुई जरा जास्त जोरात यायची. मी हात लांब ठेवायला शिकलो.

दोन्ही पंख तयार झाले. पुढे लेप, मग रंग. तोवर तपासणीचे साहेब यायचा दिवस आला. चांगला माणूस, हसतमुख. सगळं बघितलं, तारा बघितल्या, मान हलवली. मग पंखावर बोटानं टकटक केलं, कापड कसं वाजतं ते ऐकायला. ते वाजलं. साहेब पुढे सरकले. आणि आतून परत टकटक झालं.

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही छताकडे बघितलं.

आतल्या तारा बघायला पंखाला खालून छोटी गोल झाकणं असतात. साहेबांनी एक झाकण काढलं. त्यातून एक मिशाळ तोंड बाहेर आलं, साहेबांना नीट न्याहाळलं आणि परत आत गेलं.

साहेब म्हणाले, "हा पायलट आहे की प्रवासी?"

तेलाच्या गिरणीत उंदीर नवीन नव्हते. तीन पिढ्या सरकी खाऊन माजलेले. पण गिरणीभर जागा सोडून नेमके पंखातच का शिरले, आणि तेही दोन्ही पंखांत? उंदराची लघवी लोखंड खाते, दात दोरे खातात. कापड उघडण्याशिवाय इलाज नव्हता. टोकाकडून उघडलं. शेवटच्या फासळीपाशी भुगा सापडला. बोटात घेऊन वास घेतला. तो वास मी रोज दुपारी घ्यायचो. कळण्याची भाकर. ज्वारी-उडदाची, आमच्या घरची.

संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. तिनं लपवलं नाही. चुलीसमोरून न उठता म्हणाली, "मी ठेवी."

गोधडी शिवून पुरी होत आली की शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आमच्याकडच्या जुन्या बाया आत भाकरीचा एवढासा तुकडा ठेवतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. उपाशी गोधडी अंगावरच्या माणसाला ऊब देत नाही, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं. तिनं तोच हिशेब विमानाला लावला.

"अगं, ती गोधडी नाही. विमान आहे."

"मंग? गोधडी घरमा ऱ्हास, तिले बी घास देतस. हाई तं इतलं लांब जाणार, वर जाणार. उपाशी पोटे कोनी घर सोडस का?"

"आणि दोन्ही पंखांत?"

"एकले दिधं आन दुसराले नई, आसं कसं चाली?"

मला राग आला होता, आणि खाली मान घालून हसूही येत होतं. मी आवाज चढवला. "यापुढे खायची वस्तू पंखात गेली, तर तुझा-माझा पंख वेगळा!"

ती म्हणाली, "बरं."

मी तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं नुसतं "बरं" म्हणून विषय सोडला असं कधी झालेलं नव्हतं. पण मी जिंकलो असं समजून जेवायला बसलो. आम्ही पंख धुतले, पुसले, भोकांना जाळ्या बसवल्या आणि नव्यानं कापड घातलं. परत ती एका बाजूला, मी दुसऱ्या. साहेबांनी पास केलं. विमान धुळ्याहून उडालं. द्वारका हात कपाळावर धरून बघत राहिली आणि म्हणाली, "पोट भरेल दिखस." मी म्हटलं, रिकाम्या पोटानंच गेलंय ते. ती पदराआड हसली.

एक विमान उडालेलं दिसलं की आसपासच्या हौशी लोकांना कळतं. सावद्याकडे एक केळीवाले आबा होते, त्यांनीही एक विमान बांधून घेतलं. आबा उडायचे कमी आणि पूजा जास्त करायचे. एका दसऱ्यानंतर निरोप आला, इंजिन खोकतंय, ताबडतोब या. मी सावद्याला गेलो. पेट्रोल बघितलं, प्लग बघितले, सगळं ठीक. मग हवा ओढायच्या नळीचं तोंड उघडलं. आत झेंडूच्या पाकळ्या गच्च बसलेल्या. आबांनी प्रोपेलरला हार घातला होता आणि तो न काढताच इंजिन चालू केलं होतं.

"आबा, हार काढायचा असतो."

"आसा कसा काढू? त्याले वाईट वाटी ना."

मी त्यांना सांगितलं, पुढच्या दसऱ्याला शेपटीला हार घाला, तिथं देव जास्त असतो. ते त्यांना पटलं. तेव्हापासून इंजिन खोकलं नाही.

कुंभारीण माशीनं तर आम्हाला एकदा खरंच रडवलं. विमानाच्या पंखाखाली एक बारीक नळी असते, तिच्यात वारा शिरतो त्यावरून वेग कळतो. माशीनं तिच्यात मातीचं घर बांधलं. शेठ हवेत, आणि काटा सांगतोय की विमान उभं आहे. शेठ अंदाजानं उतरले, पांढरे पडलेले, आणि म्हणाले, "मिस्तरी, मी वर गेलोच नव्हतो म्हणे!" त्या नळीला तेव्हापासून लाल फडक्याची टोपी असते. टोपी द्वारकेनं शिवलेली, तिला गोंडासुद्धा आहे.

आणि एकदा विमान साक्रीकडे शेतात उतरलं. पेट्रोलात पाणी गेलं होतं, इंजिन गचके खायला लागलं, शेठना बाजरी काढलेलं शेत दिसलं, त्यात त्यांनी अलगद टेकवलं. शेठ शाबूत, चाकं शाबूत, फक्त बांधावरची बाभूळ शेपटीला ओरबाडून गेली आणि कापड हातभर फाटलं. आम्ही बापूचा ट्रक घेऊन निघालो. द्वारका सुई-दोरा घेऊन आधीच ट्रकमध्ये बसलेली. मी म्हटलं तू कशाला, तर म्हणे, "तुम्हनं शिवणं मी देखेल शे."

बापूविषयी सांगायचं राहिलं. ट्रक सावद्याचा, केळीचा. दुसऱ्या ट्रकवाल्यांना मी विमान देत नाही. ते दोर आवळतात. बापूचं सारं आयुष्य केळीचे घड डाग न पडता लांब लांब पोचवण्यात गेलं. तो खाली केळीचा वाळला पाला अंथरतो, पंख उभे ठेवतो, मधे द्वारकेच्या गोधड्या घालतो, आणि खड्डा आला की ट्रक असा उतरवतो जसा कोणी झोपलेलं मूल खाटेवर ठेवतो. साक्रीच्या बाजूला पवनचक्क्यांची लांबलचक पाती गाड्यांवरून जाताना लोकांनी पाहिलेली. तिकडे कोणी सायकल आडवी घातली नाही. फक्त एकानं आमच्या पंखाकडे बघून विचारलं, "हाई पवनचक्कीनं पिल्लू शे का?" बापू म्हणाला, "हो, दूध पाजाले लई चालनूत."

शेतात सगळं गाव जमलेलं. विमानाला हळदकुंकू लावून झालं होतं. शेठ बाजेवर बसून कोणाच्या तरी घरचा चहा पीत होते. द्वारकेनं शेपटीपाशी बैठक मारली आणि ठिगळ शिवायला घेतलं. बाया भोवती गोल बसल्या.

"इमानले बी ठिगय लावतस का वं?"

"लावतस ना. नवं घ्यानं म्हनजे काय लुगडं शे का, बाजारमा मियी जाई?"

सगळ्या हसल्या. एकीनं टाका जवळून पाहिला आणि म्हणाली, आमच्या गोधडीला असाच घालतो. मग गोधड्यांवर बोलणं निघालं, ते विमान ट्रकवर चढलं तरी संपलं नाही. मला आजही वाटतं, त्या गावात विमान उतरलं होतं हे लोक विसरले असतील, पण अमळनेरची एक बाई येऊन शिवणाच्या गप्पा मारून गेली हे विसरले नसतील.

मग ती आजारी पडली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून मी सांगू शकतो कुठला प्लग गेला, पण तिच्या श्वासाचा आवाज ऐकून मला काही सांगता आलं नाही. शेवटी शेवटी स्वयंपाक मी करायचो. पहिल्या दिवशी भाकर थापली. तिनं ती हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हाई भाकर शे, का इंजिनखालना रबर?" इंजिनाची थरथर विमानाच्या सांगाड्याला लागू नये म्हणून खाली जाड रबराच्या चकत्या असतात, त्या तिनं माझ्यापाशी पाहिलेल्या. अर्धी तरी खाल्ली तिनं. इतकी जाड की अर्ध्या भाकरीतच पोट भरावं.

ती गेल्यावर रिवाजाप्रमाणे तिचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं. बाकीच्या गोधड्या लेकींनी आणि सुनांनी आठवण म्हणून नेल्या. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना हक्क आहे. पण एक दिवस थंडी वाजली म्हणून कपाट उघडलं, तर आत बाजारचं ब्लँकेट. तिच्या हातचा एक टाका घरात उरला नव्हता.

आणि मग मला आठवलं, उरलाय. धुळ्याला. दोन पंखभर.

फाल्गुनात शेठनी विमान गिरणीत आणलं. नेहमीची तपासणी. इंजिन मी दोन दिवसांत उरकलं. पंखांकडे गेलो नाही. आधी चाकं बघितली. मग परत चाकं बघितली. मग ब्रेकच्या नळ्या पुसल्या, ज्या पुसायची गरज नव्हती. शेठ खुर्चीवर बसून सगळं बघत होते.

कापडाला वय असतं. ऊन ते आतून खातं, वरचा रंग चांगला दिसत राहतो. ते बघायला एक छोटं हत्यार असतं, पेनसारखं, आत स्प्रिंग. कापडावर टेकवून दाबायचं. कापड धडधाकट असेल तर ते झेलतं.

शेवटी मी ते घेऊन पंखापाशी गेलो. मागून शेठ म्हणाले, "मिस्तरी, ह्या वर्षी राहू द्या. मी कमीच उडणार आहे. पुढच्या वर्षी बघू."

शेठना सगळं माहीत होतं. ती गेल्यावर ते माझ्याशेजारी बसून राहिलेले होते. पंख उघडायचा म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. आणि खरं सांगतो, मला ते ऐकून एकदम बरं वाटलं. एक वर्ष. एक वर्ष टाके तसेच राहतील.

मी हत्यार टेकवलं आणि दाबलं. ते आरपार गेलं. भिजल्या कागदातून जावं तसं.

दोघंही त्या भोकाकडे बघत राहिलो.

"शेठ," मी म्हटलं, "ह्यात तुम्ही बसणार. आणि ती वरून मला बघणार. तुम्हाला काही झालं तर मला दोन ठिकाणी शिव्या खायच्या आहेत."

जुनं कापड कापायची पाती मीच चालवली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. एकेक टाका कापताना गाठ हाताला लागायची. तिची गाठ घट्ट आणि बुटकी, माझी लांबट. कुठल्या टाक्याला आमचं भांडण चाललं होतं तेही मला ओळखू येत होतं, तिथं दोरा जास्त ओढलेला होता. टोकाकडे आलो, शेवटचं कापड सोललं, आणि हात थांबला.

शेवटच्या फासळीला काहीतरी बांधलेलं होतं. गोल. डबीच्या झाकणाएवढं.

"हे काय?" शेठ वाकले. "हे नकाशात नाही."

ती भाकर होती. कापडाची. पंखाच्या उरल्या कापडाचे दोन गोल एकावर एक ठेवून कडेनं शिवलेले, चहाच्या पाण्यात बुडवून रंग आणलेला, आणि मधे काळ्या दोऱ्यानं घातलेले बारीक बारीक टिपके. तव्यावर भाकरीला पडतात तसे डाग. पातळ, अशी पातळ की पलीकडचा उजेड दिसावा.

खायची वस्तू नाही. उंदराच्या कामाची नाही. पण विमान उपाशीही नाही.

मी ती सोडवायला गेलो तर सुटेना. डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. दोऱ्यानं नव्हती बांधलेली. तारेनं. माझ्याच रिळातली बारीक तार, फासळीच्या भोकातून ओवून, सुटायच्या बरोबर उलट्या बाजूनं पीळ दिलेला, टोक आत वळवलेलं, कापडाला लागू नये म्हणून. मी आयुष्यभर नव्या मिस्तऱ्यांना शिकवून थकलो, तसा पीळ. ती देवघराच्या दारापाशी पकड घेऊन मला बोलायची ना, तेव्हा बघतही होती.

शेठनी विचारलं, "दुसऱ्या पंखात?"

"असणारच," मी म्हटलं. "एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं कसं चालेल?"

होती.

नवं कापड चढवलं, इस्त्री झाली. शिवायची वेळ आली. पंख उभा केला. मी माझ्या बाजूला बसलो. पलीकडे कोण? शेठ खुर्ची घेऊन पलीकडे गेले. पहिली सुई माझ्या अंगठ्यात आली.

"शेठ, फासळी डावीकडे आहे."

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

पहिली ओळ उसवली. दुसरीही उसवली. तिसरी द्वारकेनं चालवून घेतली असती, शिव्या देऊन. मग हात बसला. पलीकडून सुई यायची, मी ओढायचो, वळसा, गाठ, परत. कापडापलीकडचं तोंड दिसत नाही, ते तसंच होतं. मी नादात होतो. केव्हातरी माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "अगं, चहा टाक ना."

पलीकडे सुई थांबली. मीही थांबलो.

मग शेठचा आवाज आला, "टाकतो. साखर किती?"

शेवटचा कोपरा बंद करायचा दिवस आला. दोन्ही भाकरी मी खिशात घेऊन फिरत होतो. वाटत होतं, ठेवून घ्याव्यात. घरात तिचं दुसरं काही नाही. पण विमान उपाशी कसं सोडायचं? रात्रभर विचार केला आणि मधला मार्ग काढला. एक भाकर तिची, उजव्या पंखात, जशी होती तशी, नवी तार घालून. दुसरी माझ्या हत्यारांच्या पेटीत, झाकणाच्या आतून, तीही तारेनं बांधलेली. आणि डाव्या पंखासाठी मी स्वतः केली. गोल कापले, शिवले, चहात बुडवले. टिपके घालताना दोरा गुंतला, म्हणून एका जागी जास्तच करपली.

बापूनं नेहमीसारखा पाला अंथरला. येताना गोधड्या नाहीत हे त्यानं पाहिलं होतं, म्हणून या वेळी घरून स्वतःची घेऊन आला. धुळ्याला पंख चढवले, तारा ओवल्या, पीळ दिला. शेठ उडाले. मी कपाळावर हात धरून बघत राहिलो.

उतरल्यावर शेठ म्हणाले, "मिस्तरी, सगळं झकास. फक्त डावीकडे जरा ओढतंय. जरासंच. पंख किंचित खाली जातो."

असं होतं. नवं कापड घातलं की पंखाच्या आधारदांडीचा आटा थोडा फिरवून बसवावा लागतो. मी पाना घेतला, फिरवला, तार घातली. शेठ परत वर गेले आणि सरळ उडाले.

कारण आटाच होता, ते मला कळतं. पण शेठ वर असताना मी एकटाच खाली उभा होतो, आणि तिचा आवाज मला पंखापलीकडून यावा तसा स्पष्ट आला.

"ओढी नई तं काय व्हई? भाकर जाड करी ना तुम्ही."